बाईंची बुरशी

शामकलाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. "मॅडम, बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. नागपूरच्या हॉस्पिटलमधला गलका फोनमधून ऐकू येत होता, कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं. मग रडता रडता मध्येच अगदी कामाच्या आवाजात तिनं विचारलं, "नळ्या फ्रीजमध्येच राहू देऊ न जी?" बाईंचा देह अजून वॉर्डातून हलला नव्हता आणि ही पोरगी बुरशीच्या नळ्यांचं विचारत होती... खरं तर मला राग यायला हवा होता. तो आला नाही. अंगावर काटा मात्र आला, कारण बाई गेल्याचं कळल्याबरोबर माझ्याही मनात पहिल्यांदा त्या नळ्याच आल्या होत्या.

बाई म्हणजे निर्मला टेंभरे. गोंदियातल्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी रसायनशास्त्र. मी नाशिकची, लग्न होऊन इकडे आलेली. इथे रुजू झाले तेव्हा शहरात सगळे हिंदी बोलतात आणि खेड्यातली मुलं काय बोलतात ते मला कळत नाही, अशी माझी गत होती. बाईंनी मला हाताशी धरलं. "तू लय गोड बोलतेस वसुधा, म्हून कोणी ऐकत नाही," असं तोंडावर सांगितलं. त्या आमगावकडच्या पोवार समाजातल्या, शेतीवाडीत वाढलेल्या. आवाज खणखणीत. वर्गात मुलांना इकडच्या झाडीबोलीत झापायच्या आणि फळ्यावर लिहिताना मात्र शुद्ध ग्रांथिक मराठी. मला त्या दोन्हींची गंमत वाटायची. वयानं त्या माझ्याहून मोठ्या, तरी आमची मैत्री होती, आणि मैत्री म्हणजे रोज दुपारी एका डब्यातून खाणं आणि आठवड्यातून एकदा कडाडून भांडणं.

त्यांचे यजमान अचानक गेले. शेतावर गेले होते, बांधावरच कोसळले. इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली त्यांचं धान होतं, आणि त्या वर्षी त्यावर करपा पडला होता. लोंबीच्या मानेशीच रोग लागायचा, की दाणा भरायच्या आधीच लोंबी वाळून पांढरी. ते फवारणीचंच बघायला गेले होते. दिवसपाणी झाल्यावर बाई कॉलेजात परत आल्या त्या कपाळ मोकळं, पाय मोकळे. टिकलीचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण पायाच्या बोटांवर जोडव्यांच्या जागी दोन पांढरे वळ उरले होते आणि त्यांच्याकडे बघवत नसे. त्याच दिवसांत त्यांनी बुरशीचं काम हाती घेतलं. मला वाटलं, दुःखाला काहीतरी उद्योग हवा म्हणून असेल. चुकीचं वाटलं. त्यांना करपा मारायचा होता.

काम असं होतं. काही बुरशी धातूचे क्षार पचवते आणि त्यातून धातूचे इतके बारीक कण करते की केसाच्या जाडीत ते हजारोंनी मावावेत. चांदी एवढी बारीक झाली की ती जंतूंना आणि इतर बुरशींना मारते. भट्टी नको, घातक रसायनं नकोत, बुरशी उगवून घ्यायची, ती धुऊन पाण्यात ठेवायची, ते पाणी गाळून त्यात चांदीचा क्षार घालायचा आणि अंधारात ठेवून द्यायचं. झालं असेल तर पाणी आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं. बुरशीनं केलेल्या चांदीनं बुरशीच मारायची, हे बाईंना फार आवडायचं. "घरचाच माणूस घरच्याले पाडते, तसं," म्हणायच्या आणि हसायच्या.

पण चांदी सहन करणारी बुरशी मिळेना. वर्षभर त्यांनी कुठली कुठली माती आणली. शेवटी ती मिळाली शामकलाच्या अंगणात. शामकला उईके दरेकशाची, जंगलाकाठच्या गोंड घरातली, बाईंची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दिसायला लहानखुरी, बोलायला मोजकी आणि बाईंवर जीव टाकणारी. दरेकशाच्या छोट्या स्टेशनावर उतरलं की तिचं घर चालत जाण्याइतकं. एकदा बाई आणि मी तिच्या आईच्या आग्रहावरून जेवायला गेलो होतो. अंगणात तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता, पावसात भिजून बसलेला. शामकलाच्या आईनं गुरांसाठी त्यातून ओढून काढलं तशी आतून वाफ निघाली. बाई जेवायचं सोडून उठल्या आणि ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. "तापली आहे न आतून... एवढ्या गर्मीत जे जगते, ते कशालेच भेत नाही," त्या म्हणाल्या. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत काळपट तणस होतं आणि त्यावर राखाडी-हिरवी भुकटी. त्यांनी ती नाकाशी नेली आणि वास घेतला. वास घेणं ही त्यांची जुनी खोड, ओल्या मातीचा, भाताच्या पेजेचा, बुरशीचा, कशाचाही.

ती बुरशी नळीत घातलेल्या पोषक खळीवर उगवली तेव्हा मखमलीसारखी दिसत होती. दिसायला सुंदरच, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त चांदीचा क्षार संपला होता, मागवलेला येता येत नव्हता आणि बाईंना तर एक दिवस थांबवत नव्हतं. एका दुपारी त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या, दार लोटून घेतलं आणि रुमालाची गाठ सोडून टेबलावर त्यांची जोडवी ठेवली. "घालता येत नाही, टाकता येत नाही. विरघळवून दे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, असं नका करू, सासूबाईंना कळलं तर... "कळू दे. त्याईच्या पोराले करप्यानंच नेला, मी तं तसंच समजतो," असं म्हणून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी ती जोडवी आम्लात सोडली. तांबडा धूर निघाला, पाण्याला निळसर झाक आली, कारण चांदीत तांबं होतंच. ते वेगळं काढायला मला चांगलाच घाम गाळावा लागला. पाठमोऱ्या बाईंचे खांदे हलत होते, आणि त्या रडतायत हे मला कळलंय हे त्यांनाही कळत होतं.

त्या क्षारातून बुरशीनं केलेलं पाणी तपकिरी झालं, कोऱ्या चहासारखं. बाईंनी करप्याच्या बुरशीवर त्याचे थेंब टाकून बघितले आणि थेंबाभोवती सगळं साफ. जे समोर ठेवलं ते त्या चांदीनं मारलं. एकदा शामकलानं सहज म्हणून मूळ तणसातली बुरशीच घेतली आणि तिच्यावर तो थेंब टाकला. तिला काहीही झालं नाही. उलट थेंबाच्या जागी ती दाट उगवली. बाईंना त्याचा केवढा अभिमान! मला मात्र ती कशानंच मरत नाही याची भीती वाटली. मी बोलून दाखवलं तर, "तू भेकड आहेस वसुधा," म्हणून मोकळ्या झाल्या.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. बाईंची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली. स्वच्छ हवा सोडणारं कपाट होतं, पण त्याची गाळणी कधीच बिघडलेली. म्हणून बाईंनी आपली पद्धत बसवली होती आणि ती सगळ्यांनी पाळायची. नळी उघडायच्या आधी पंखा बंद. खिडक्या बंद, दार बंद, फटीला ओला कपडा. दोन्ही बाजूंना दिवे पेटवायचे, त्यांच्या मधोमध नळी धरायची, कापसाचा बोळा काढायचा आणि बोळा परत बसेपर्यंत कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, श्वाससुद्धा रोखून धरायचा. तोंडातली घाण, हवेतली धूळ नळीत गेली तर बुरशी बाटते. मी कधी चुकून दार उघडून आत गेले तर बाई नजरेनंच मला बाहेर काढायच्या. एप्रिल-मेमधल्या गोंदियाच्या उन्हात ती खोली म्हणजे भट्टी. शामकलाचे केस घामानं कपाळाला चिकटलेले, बाईंचा पदर ओला, आणि तरी दोघी दिवसभर तिथे. बाहेर आल्या की दोघी मिळून मोठा श्वास घ्यायच्या आणि हसायच्या. बुरशीला आपल्यापासून वाचवायला आम्ही केवढा आटापिटा केला! आपल्याला तिच्यापासून वाचवायचं मात्र त्या खोलीत कधी कोणाला सुचलं नाही. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईंना नाही आणि त्यांच्याशी रोज वाद घालणाऱ्या मलाही नाही.

बाईंचा खोकला गेल्या थंडीत सुरू झाला. आधी धुळीचा म्हणून, मग धान मळणीच्या कोंड्याचा म्हणून. गोंदियात कोणाला खोकला नसतो? भाताच्या गिरण्या, तणस, शेकोट्या. बाईंना मधुमेह होता, औषधं घ्यायचा कंटाळा होता, त्यामुळे अंग झडत गेलं ते साखरेवर ढकललं गेलं. एक दिवस वर्गात शिकवताना त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि तो लाल झाला. तेव्हा कुठे नागपूरला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "घरी धान्य साठवता? तणसात काम करता?" बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या जिल्ह्यात तणसात काम नाही करत असा माणूस दाखवा." फुफ्फुसात बुरशी वाढली होती. कुठून आली ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, ही हवेत सगळीकडेच असते, एखाद्याचंच शरीर तिला धरून बसतं.

मी शेवटची त्यांना भेटले ती तिथेच. शामकला खाटेच्या पायाशी उभी होती. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत बाईंची एक जुनी विद्यार्थिनी नोकरीला होती. बाईंनी तिच्यामागे हट्ट धरला होता की माझ्या छातीतून निघालेली बुरशी मला बघायची आहे. त्या मुलीनं शेवटी पट्टीनं घट्ट बंद केलेली काचेची बशी आणली. बाईंनी ती नेहमीसारखी उजेडाकडे तिरकी धरली. खूप वेळ बघितलं... त्या बुरशीची कड, तिची मखमल, तिचा रंग. मी त्यांचा चेहरा बघत होते, शामकलाही. मग बाईंनी बशी परत दिली आणि म्हणाल्या, "आपली नाही ही. ओळखीची नाही." शामकलानं सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. माझाही जीव भांड्यात पडला.

निघताना बाईंनी माझं मनगट धरलं. शामकला औषधं आणायला खाली गेली होती. "पोरीचं थोडकंच राहिलं आहे. तिचा प्रबंध होऊन जाईपर्यंत नळ्या जगवजो," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. "अन् ऐक. नळी खोलशील तं पंखा लावून खोल. खिडक्या उघड्या ठेव. तोंडाले फडकं बांध, तिलेही बांधाले लाव."

"पंखा? बाई, अहो, पण तुम्हीच तर..."

"पंखा लाव म्हणतो न!" त्या ओरडल्या, आणि त्या ओरडण्यानं आलेली ढास किती तरी वेळ थांबली नाही.

परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत मी त्याच विचारात होते. मग कळलं, आणि खिडकीशी बसल्या बसल्या मी थंडगार पडले. बाईंनी ती बुरशी ओळखली होती. आईनं आपलं लेकरू ओळखावं तशी ओळखली होती. 'आपली नाही' हे पायाशी उभ्या असलेल्या पोरीसाठी होतं. तिचेही बाईंसारखेच दिवस, तीच बंद खोली, तोच रोखलेला श्वास आणि मग बाहेर येऊन घेतलेला मोठा... नाही, बाहेर येऊन नव्हे. इतका वेळ कोणाला श्वास रोखता येतो? आतच घेतलेले, चोरून घेतलेले कितीतरी श्वास. त्या पोरीला बाई शेवटपर्यंत घाबरवू शकल्या नाहीत, हे त्यांचं प्रेम होतं की चूक, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. बाईंवर मी एवढी कधीच चिडले नव्हते.

बाईंचं सगळं आटोपल्यावर शामकला कॉलेजात आली. पांढरी पडली होती. बोलता बोलता खोकली, कोरडं, तोंडावर हात धरून. मी विचारलं, कधीपासून? "धुरानं जी. मोहफुलं वेचाच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळून राहिले न सगळे, धूर होते," ती म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. बाईंनी काय ओळखलं, मला काय सांगितलं, सगळं. बाईंना दिलेला शब्द मी मोडणार होते आणि त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती ऐकत राहिली. वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. फोटो काढायला येते म्हणाली. मग मी तोंडाला फडकं बांधलं, जिन्याखालच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा पूर्ण वेगात लावला आणि फ्रीजमधली एकेक नळी न उघडता मोठ्या कुकरमध्ये घातली. शिट्ट्या होत राहिल्या. शामकला दाराबाहेर स्टुलावर बसून कुकरकडे बघत होती, तिच्या इतक्या वर्षांच्या कामाकडे. खिडकीत जोडव्यांच्या चांदीचा तो तपकिरी चंबू होता. तो तेवढा मी घरी आणला. त्यात जिवंत काही नाही.

जिना चढताना तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, तू रडू नको, आपण नवी बुरशी शोधू, तुझं काम वाया जाऊ देणार नाही. ती थांबली. "नवी कायले जी?" ती म्हणाली. "एक नळी आमच्या घरी आहे न. बाईनंच ठेवाले देल्ली होती."

मला आठवलं. बाई वर्गात सांगायच्या की त्यांच्याकडे जुने लोक सगळं बियाणं एका घरात ठेवत नसत. आग लागली, उंदीर लागले तर पुढच्या साली पेरायचं काय? थोडं बियाणं कायम दुसऱ्याच्या घरी. आणि बुरशीचंही तसंच करायचं, म्हणायच्या, एक नळी कायम दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. "धानाच्या ढोलीत, बियाण्याच्या मंधात," शामकला म्हणाली. "थंड राह्यते म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दरेकशाला गेलो. मोहाचा गोडसर वास आणि पाल्याचा धूर सगळीकडे भरून होता. अंगणात तणसाचा ढीग तसाच. शामकलाच्या आईनं पाणी दिलं, बाईंची आठवण काढून डोळे पुसले. "लय चांगल्या होत्या. धानाचे पऱ्हे टाकाच्या वक्ती येतो म्हणल्या होत्या, हे बियाणं पाह्याले," ती म्हणाली. मला घाई झाली होती. मी नळीचं विचारलं. ढोली आतल्या खोलीत होती, बांबूची, शेणानं लिंपलेली, पुढच्या हंगामाचं बियाणं भरलेली. आईनं झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला, धान चाळवलं, आणि बारीक धूळ वर आली. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगत राहिली. मग हात बाहेर आला.

नळी होती. बोळा नव्हता.

"कापूस कुठाय माय?" शामकलानं विचारलं.

"उंदरानं नेला असन. घरट्याले नेते थे," आई म्हणाली आणि नळी उपडी करून तळहातावर ठोकून बघू लागली. "यातलं तं वाळून गेलं बाई सारं."

"हालवू नोको! ठेव, ठेव खाली," शामकला म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत उठली. मी तिला काल सगळं सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. पण नळी उघडी दिसली आणि तिचे पाय आपोआप चालू लागले. तिनं टेबलफॅन बंद केला. खिडकीची फळी ओढली, दार लोटून घेतलं. खोलीत अंधारलं, एकदम उकडायला लागलं. मग ती नळीपाशी आली, हुबेहूब बाईंसारखी मान तिरकी केली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आणि मी? माझेही मिटले होते. बाईंच्या खोलीत उभं राहून राहून मलाही ती सवय लागली होती. आम्ही तिघी त्या बंद खोलीत, धानाच्या धुळीत, श्वास धरून उभ्या होतो, आणि मला जे सांगायचं होतं ते ओठांवर येऊन थांबलं होतं, कारण बोलायचं तर आधी श्वास घ्यायला हवा होता. शामकलाच्या छातीत ढास उसळताना मला दिसली. ती दाबून धरत होती, नळीत काही जाऊ नये म्हणून.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "दार उघड, शामकला. आधी दार उघड."